ठराव झाला, पाणी मिळाले का? सॉफ्टवेअरमधली भोके आणि आपली कागदपत्रे

"ताई, अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, पोरांची शिष्यवृत्ती अडकली आहे आणि तुम्ही सॉफ्टवेअरच्या लायब्रऱ्या कसल्या घेऊन बसलात?"

धुळ्याच्या एका शिबिरात एका तरुण कार्यकर्त्याने मला भर बैठकीत हे विचारले. चार जण हसले. मी त्याला उलट विचारले, "भाऊ, तुझा जातीचा दाखला आत्ता कुठे आहे?" त्याने मोबाईल दाखवला. मी म्हटले, "ही एक जागा झाली. बाकी कुठे कुठे आहे?" तो गप्प झाला. हा लेख त्याच्यासाठी आहे आणि त्या चार हसणाऱ्यांसाठीही.

जरा मोजून पाहा. शिष्यवृत्तीच्या एका अर्जाला काय काय लागते? आधार, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक, मोबाईल नंबर. माणसाचे अख्खे आयुष्य स्कॅन होऊन पोर्टलवर चढते. घरी संगणक नाही म्हणून ते सायबर कॅफेतून किंवा सेवा केंद्रातून चढते. साक्री तालुक्यातल्या एका केंद्रावर मी स्वतः पाहिले आहे. संगणकावर एकच फोल्डर, त्यात वर्षानुवर्षांचे शेकडो दाखले, आणि केंद्रचालक सांगतो, "सर्व्हर डाऊन शे, ताई. कागदं ठी जा, रातले भरी टाकसू." पोरे विश्वासाने कागद ठेवून जातात. दुसरा मार्गच नसतो.

हे आपल्याकडे नवे नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, एका आदिवासी महिलेला. म्हणजे देशाचा हा सगळ्यात मोठा डिजिटल प्रयोग खान्देशातल्या गरिबांपासून सुरू झाला. प्रयोग आपल्यावर होतो, तेव्हा त्याच्या आत काय आहे हे विचारण्याचा पहिला हक्कही आपला आहे.

आता त्या 'आत'मध्ये शिरू.

कोणतेही पोर्टल बांधणारी कंपनी सगळे सॉफ्टवेअर स्वतः लिहीत नाही. घर बांधताना आपण विटा घरी भाजत नाही, तसेच हे. तयार तुकडे घेतले जातात, त्यांना लायब्ररी म्हणतात. यातल्या पुष्कळशा लायब्रऱ्या ओपन सोर्स असतात, म्हणजे त्यांचा कोड कोणीही वाचू शकतो, वापरू शकतो, दुरुस्त करू शकतो. लॉगफोरजे ही अशीच एक लायब्ररी. जावा भाषेत लिहिलेल्या असंख्य प्रणालींमध्ये ती बसलेली आहे. तिचे काम साधे, नोंदी ठेवण्याचे. ग्रामपंचायतीतली आवक-जावक वही समजा. अर्ज आला, कारकुनाने वहीत उतरवला.

आता समजा, एका अर्जात लिहिले आहे, "अमुक पत्त्यावर जा, तिथल्या माणसाला घेऊन ये आणि कपाटाची किल्ली त्याच्या हातात दे." कारकुनाने हा मजकूर वहीत फक्त उतरवायचा असतो. पण तो लिहिता लिहिता उठला आणि सांगितल्याप्रमाणे करू लागला तर? लॉगफोरजे नेमके हेच करत होती. २०१३ मध्ये जोडलेल्या एका सोयीमुळे, विशिष्ट पद्धतीने लिहिलेली एक ओळ तिच्या नोंदीत आली की ती त्या ओळीतल्या पत्त्यावर जायची, तिथला परका प्रोग्राम आणायची आणि तो चालवला जायचा. ही ओळ लॉगिनच्या रकान्यात टाका, नाहीतर चॅटमध्ये. माइनक्राफ्ट या खेळात तर नुसता चॅट मेसेज टाकून सर्व्हर ताब्यात घेता येत होते.

२४ नोव्हेंबर २०२१ रोजी अलिबाबाच्या क्लाउड विभागातल्या एका अभियंत्याने ही त्रुटी अपाचे फाउंडेशनला कळवली. ९ डिसेंबरला ती जगजाहीर झाली. धोक्याच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी १० गुण मिळाले. पहिली दुरुस्ती अपुरी निघाली, म्हणून त्याच महिन्यात एकामागून एक आवृत्त्या काढाव्या लागल्या. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने जुलै २०२२ च्या अहवालात सांगितले की ही त्रुटी यंत्रणांमध्ये दहा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ शिल्लक राहू शकते.

दुरुस्ती तर निघाली होती. मग त्रुटी दहा वर्षे कशी राहील? माझा सगळा मुद्दा इथे आहे, आणि तो समजायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. महाड आठवले तरी पुरे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे दुरुस्त झाले. पाणी मिळाले का? नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळ भरली, तेव्हा त्या ठरावाला पहिल्यांदा अर्थ आला. त्यानंतरही नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

ठराव निघणे वेगळे आणि लागू होणे वेगळे. हा फरक आपल्या चळवळीइतका कोणाला कळतो?

सॉफ्टवेअरमध्येही अगदी हेच घडते. अपाचे स्ट्रट्स नावाच्या दुसऱ्या एका ओपन सोर्स साधनातल्या त्रुटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये जाहीर झाली होती. इक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीने ती सगळीकडे लावली नाही. मे महिन्यापासून चोर आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. मोफत मिळणारी दुरुस्ती दोन महिने दारात पडून होती आणि ती आत घेणारे कोणी नव्हते.

इथे एक टोळी लगेच उठते. "बघा, फुकटचे सॉफ्टवेअर! कोड सगळ्यांना दिसतो म्हणून चोरालाही दिसतो. मोठ्या कंपनीचे बंद सॉफ्टवेअर विकत घ्या." हा युक्तिवाद खोटा आहे. त्याच २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या व्हायरसने दीडशे देशांत संगणक बंद पाडले. ते विंडोजमधल्या भोकातून घुसले होते, म्हणजे बंद कोडच्या, विकतच्या मालातून. त्याचीही दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. कुलूप उघडे की बंद, हा प्रश्नच नाही. प्रश्न जबाबदारीचा आहे.

आणि ज्ञान झाकून ठेवले की सुरक्षित राहते, हे तत्त्वज्ञान आपल्याला कोण शिकवतो आहे? आपल्या पूर्वजांना अक्षर ऐकण्याचीही बंदी होती. कोणीही वाचावे, कोणीही चूक दाखवावी, ही ओपन सोर्सची पद्धत आपल्या बाजूची आहे. तिचा बचाव आपणच केला पाहिजे.

पण भाबडेपणाने नको. उघडे आहे म्हणजे कोणीतरी वाचत असेलच, हा भ्रम आहे. ओपनएसएसएल या लायब्ररीवर निम्म्याहून जास्त इंटरनेटची गुप्तता टिकून होती. मार्च २०१२ च्या आवृत्तीतून तिच्यात एक चूक आली. एका विनंतीत सर्व्हरच्या स्मृतीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर बाहेर सांडायचा, त्यात पासवर्डही असू शकत. कोड सगळ्या जगासमोर उघडा होता. चूक सापडली एप्रिल २०१४ मध्ये, दोन वर्षांनी. हार्टब्लीड म्हणतात तिला. तेव्हा या लायब्ररीवर पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक माणूस होता आणि वर्षाला मिळणाऱ्या देणग्या होत्या सुमारे दोन हजार डॉलर. अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्या त्यावर फुकट बसल्या होत्या. तळे खुले आहे, पण गाळ कोणी काढायचा याचे उत्तर कोणाकडे नाही.

लॉगफोरजे सांभाळणारेही बहुतेक स्वयंसेवक होते. नोकरी करून उरलेल्या वेळात, रात्री जागून त्यांनी दुरुस्त्या काढल्या आणि वर शिव्या खाल्ल्या. जानेवारी २०२२ मध्ये तर कहर झाला. कर्ल नावाचे मोफत साधन सांभाळणारे स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांना एका बड्या अमेरिकी कंपनीने पत्र पाठवले, की लॉगफोरजेबाबत चोवीस तासांत खुलासा करा. कर्लमध्ये लॉगफोरजे नाहीच. स्टेनबर्ग त्या कंपनीचे नोकर नव्हते, पुरवठादार नव्हते, त्यांनी तिच्याकडून एक पैसा घेतलेला नव्हता. त्यांनी उत्तर दिले, आधी करार करा, मग उत्तर देतो.

हे वाचताना मला आपल्या गावातला बिनपगारी राबता आठवला. तुलना मी जपून करते आहे. या स्वयंसेवकांना जन्माने कोणी त्या कामाला जुंपलेले नाही आणि ते उद्या काम सोडू शकतात. आपल्या माणसाला ती मुभा नव्हती. पण वरच्याची मानसिकता तीच आहे. तळाचे काम फुकटात हवे, तो माणूस दिसायला नको, आणि तुंबले की बोलावून जाब विचारायचा.

आता नुकसान कोणाचे होते ते पाहू. श्रीमंताचा पासवर्ड गेला तर तो बदलतो. तुमचा जातीचा दाखला गेला तर काय बदलणार? जात बदलता येते? पुण्यात खोली शोधताना आडनाव दबक्या आवाजात सांगणारी आपली पोरे मला माहीत आहेत. नोकरीच्या ठिकाणी पहिली दोन वर्षे गप्प राहणाऱ्या मुली माहीत आहेत. अशांच्या नावापुढे जात, उत्पन्न, पत्ता आणि फोन नंबर अशी यादी बाजारात आली, तर ती नुसती डेटाचोरी राहत नाही. ते अत्याचाराचे हत्यार होते. शिवाय "तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा" म्हणणारा भामटा तुमच्या कॉलेजचे नाव आणि रक्कम अचूक सांगू लागला, तर आई विश्वास ठेवणारच.

आणि कायदा? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मध्ये कंपनीच्या निष्काळजीपणाबद्दल पीडिताला भरपाई मागण्याची तरतूद होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते कलमच वगळायची व्यवस्था केली. नव्या कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जाईल. ज्याची माहिती गेली त्याला भोपळा. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोयही कायद्यातच आहे. देशाची सायबर सुरक्षा पाहणारी सर्ट-इन ही संस्था नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती अधिकारातून जवळजवळ बाहेर काढली गेली. म्हणजे माहिती तुमची आणि कुलूप त्यांचे. चोरी झाली तर विचारायचे नाही.

म्हणून आपण काय करायचे?

एक. माहिती अधिकाराचा अर्ज करा. सर्ट-इन बाहेर असली तरी तुमचा अर्ज स्वीकारणारा विभाग बाहेर नाही. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये. इतकेच विचारा: पोर्टलचे शेवटचे सुरक्षा ऑडिट कोणत्या तारखेला झाले? डिसेंबर २०२१ नंतर लॉगफोरजेची तपासणी केली का, कोणत्या तारखेला? पोर्टलमधल्या लायब्रऱ्यांची यादी ठेवली आहे का, हो की नाही? खोलातले तांत्रिक तपशील मागू नका, सुरक्षेचे कारण सांगून नाकारतील. तारीख मागा. तारखेला लपायला जागा नसते. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर अपील, मग नाशिक खंडपीठ.

दोन. कंत्राट देतानाच अट हवी, अशी मागणी करा: लायब्रऱ्यांची यादी द्या, दुरुस्ती किती दिवसांत लावणार ते लिहून द्या, आणि ज्या फुकटच्या लायब्रऱ्यांवर कोट्यवधींची बिले काढता त्यांच्या देखभालीला वाटा द्या. पोर्टल चालवायला पैसा आहे, मग पाया सांभाळायला का नाही?

तीन. जळगावच्या विद्यापीठात, धुळ्याच्या कॉलेजांत कॉम्प्युटर शिकणाऱ्या आपल्या पोरांनो, कोड उघडा आहे. जा, वाचा. पहिल्या दिवशी कळणार नाही. कागदपत्रातली चूक सुधारण्यापासून सुरुवात करा. इथे कोणी जात वैधता प्रमाणपत्र मागत नाही.

चार. आधी आपले घर झाडा. शिबिराच्या नोंदणीला आपणही आधारची झेरॉक्स मागतो आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. संघटनेची वेबसाइट कोणीतरी पाच वर्षांपूर्वी बनवली आणि तो मुलगा आता नाशिकला आहे. अपडेट कोण करतो? दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी याचे उत्तर आपल्याकडे हवे. आणि सेवा केंद्रावर फॉर्म भरला की, स्कॅन डिलीट झाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रेला आपण जमतोच. यंदा पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल मी माहिती अधिकाराच्या अर्जांसाठी लावणार आहे. दहा रुपये आणि दहा मिनिटे घेऊन या. शिबिरात तो प्रश्न विचारणाऱ्या भावालाही सांगितले आहे. पहिला अर्ज तोच लिहिणार आहे, त्याच्याच अडकलेल्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलबद्दल.

तळे खुले झाल्याचा ठराव खूप ऐकला. आता ओंजळ भरायला चला.

जय भीम! जय संविधान!