घाम म्हणजे कबुली नव्हे

दोस्तहो, पोलिसानं हाक मारली की आपल्या वस्तीतल्या पोराला घाम फुटतो. तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात. फौजदार म्हणतो, "बघ कसा घाबरलाय. ह्यानंच केलंय." च्यायला, ह्याला तपास म्हणायचं?

शरीराचं साधं गणित बघा. धोका दिसला की मेंदूतला हायपोथॅलॅमस इशारा देतो. अनुकंपी मज्जातंतू जागे होतात. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात. छाती धडधडते, यकृत साखर मोकळी करतं, पचन मंदावतं. लढ नाहीतर पळ! वॉल्टर कॅननने हे 1915 साली मांडलं. चोर असो की साव, दोघांची मज्जासंस्था हेच करते. तिला भीती कळते, गुन्हा कळत नाही. लाय डिटेक्टरही नाडी, श्वास, घामच मोजतो. ती चाचणी माणसाच्या संमतीशिवाय करायची नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2010 साली सेल्वी खटल्यात बजावलं. मग हवालदार नुसत्या डोळ्यानं कसली चाचणी करतो?

सोलापूरला हे नवं नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसं आईच्या पोटातच गुन्हेगार ठरवली. पुढं इथं सेटलमेंट झाली. तारेचं कुंपण, हजेरी, परवान्याशिवाय बाहेर पाऊल नाही. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला. नजर राहिली. सराईत गुन्हेगारांचे कायदे आले.

वाघ येऊन गेला तर परानुकंपी मज्जातंतू काळीज शांत करतात. पण वाघ रोज गल्लीच्या तोंडाशी जीप लावून उभा असेल तर? कॉर्टिसॉलचा ताल बिघडतो, झोप उडते, रक्तदाब चढतो.

पांढरपेशे सांगतात, प्राणायाम करा. करा की! संथ श्वासानं नाडी उतरते, खरंय. जीप हलत नाही. ती हलवायची तर कायदा पाठ पाहिजे. ठाण्यात एकट्यानं जाऊ नका. अटक झाली तर कारण विचारा, वकील मागा, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा म्हणा. बाबासाहेबांच्या घटनेतलं 22 वं कलम आहे ते.

सेटलमेंटच्या माणसांनी सोलापूरच्या गिरण्यांत घाम गाळला, तेव्हा त्या घामाला कुणी पुरावा म्हटलं नाही. आताही म्हणू देऊ नका.