पडद्याआधी तळं

ग्रामीण सांडपाण्याच्या तळ्यांना मेंब्रेनची, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या गाळण-पडद्याची, जोड द्यावी, असं म्हणणाऱ्यांचा पक्ष वाटतो तितका पोकळ नाही. शहरातल्या गृहसंकुलात मेंब्रेनचा प्रकल्प चालतो, त्यातलं नितळ पाणी बागेला आणि शौचालयांच्या टाक्यांना जातं. खेड्याच्या वाट्याला मात्र हिरवट, कडेला गवत माजलेलं तळं येतं. हा भेद का, असा त्यांचा सवाल आहे. तळं आहे तिथेच राहू द्या, त्याच्या तोंडाशी मेंब्रेन बसवा. जागा वाचेल, जंतू अडतील, शेतीला पाणी मिळेल, असं ते सांगतात. कुणी शंका काढली की टोमणा तयारच असतो: आदिवासी गावाला नवं तंत्र नको म्हणणं म्हणजे त्याला मागास ठेवणं.

हा युक्तिवाद मणिबेलीत नेऊन तपासू. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं हे गाव सरदार सरोवर धरणाच्या बुडितात आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा पुरवणं थांबवावं, अशी मागणी १९९४ साली जगभरच्या संघटनांनी केली, तेव्हा त्या जाहीरनाम्याला त्यांनी मणिबेलीचंच नाव दिलं. योजना कुणासाठी आणि कुणाच्या खर्चाने, हे विचारण्याचा अधिकार या गावाने मोठी किंमत मोजून मिळवला आहे. तोच प्रश्न मेंब्रेनलाही विचारला पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे मेंब्रेन बसवायचं तर आधी तळं हवं, आणि तळं भरायचं तर गटार हवं. नर्मदेच्या डोंगरपट्ट्यातली घरं उतारावर पाड्यापाड्यांनी विखुरलेली असतात. न्हाणीचं, भांड्यांचं पाणी घरामागेच जिरतं. ते एका ठिकाणी आणायला डोंगर फोडून नळ टाकावे लागतील. आणि सांडपाण्याच्या योजनेत बहुधा सगळ्यात मोठा खर्च नळांचाच असतो. जे पाणी घरामागे फुकट जिरतं, ते पैसे मोजून गोळा करायचं आणि मग पैसे मोजून गाळायचं, याला सुधारणा कसं म्हणावं? अशा पाड्यावर शोषखड्डा पुरतो. जिथे खाली पाषाण लागतो आणि खड्डा पाणी ओढत नाही, तिथे तेच पाणी केळीच्या आळ्यात किंवा परसबागेत सोडावं.

‘म्हणजे खेड्यात सांडपाण्याचा प्रश्नच नाही’ असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. तोही तितकाच खोटा आहे. मणिबेलीची बरीच कुटुंबं गुजरातेत परवेट्याला गेली; महाराष्ट्राच्या इतर बुडीत गावांतली तळोदा तालुक्यात सोमावल, रेवानगर, नर्मदानगर अशा वसाहतींत आली. डोंगरावर विखुरलेली घरं इथे ओळीत आली, अंगणं लहान झाली. त्यात जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात आणायचं ठरवलं. पाणी घरात येतं, तसं ते घराबाहेरही पडतं. डोंगरात जो प्रश्न मातीच सोडवत होती, तो वसाहतीत माणसांना सोडवावा लागतो. आश्रमशाळांचंही तेच. शेकडो मुलांची अंघोळ, कपडे आणि स्वयंपाक एकाच आवारात होतो, आणि ते पाणी आवारामागे साचलं की आधी डास येतात, मागोमाग ताप.

तेव्हा तळं कुठे हवं, हे ठरलं. आता ते काय करतं ते पाहू. हजार वस्तीची वसाहत धरा. माणशी ५५ लिटरपैकी पाऊण हिस्सा सांडपाणी झालं, तर रोज सुमारे चाळीस हजार लिटर होतात. ते पंधरा दिवस थांबवायला सहाशे घनमीटर जागा लागेल. सव्वा मीटर खोलीने पाण्याचा पसारा पाच गुंठ्यांच्या आत बसतो. बांध आणि वाट धरून आठ-दहा गुंठे पुरेत. या तळ्यात विजेची एकही तार नसते. उन्हात शेवाळ वाढतं, शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं, त्यावर जिवाणू घाण खातात. पोटातल्या जंतांची अंडी तळाशी बसतात. दुपारच्या उन्हाने आणि शेवाळामुळे वाढलेल्या अल्कतेने रोगजंतू मरतात. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने, तिचं नाव अजून वेगळं होतं त्या काळात, भारतातल्या उन्हाचा हिशेब धरून अशा तळ्यांची रीत अर्धशतकापूर्वीच मांडून ठेवली आहे.

यावर मेंब्रेनवाल्यांचा रास्त आक्षेप असा की तळ्यातून बाहेर पडणारं पाणी हिरवं असतं. खरं आहे, त्यात शेवाळ तरंगतं. पण केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेने महानगरांबाहेरच्या मैलापाणी प्रकल्पांना तरंगत्या घनाची मर्यादा लिटरला शंभर मिलिग्रॅम घातली आहे, आणि नीट राखलेलं तळं तिच्या आत आणणं अवघड नाही. बाहेर जाणारा नळ पाण्याच्या पृष्ठावर न ठेवता हातभर खाली घ्यावा, कारण शेवाळ वरच्या थरात दाटतं. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तोंडांमध्ये आडव्या भिंती घालाव्यात, म्हणजे आलेलं पाणी सरळ पळून जात नाही. शेवटी दगडांची गाळणी बांधावी. काठांना दगडी पिचिंग करून गवत काढलं, तर डासांनाही आडोसा उरत नाही. बहुतेक तळी बिघडतात ती तंत्र जुनं झालं म्हणून नव्हे. गाळ वर्षानुवर्षं काढला जात नाही, तोंडाशी गुटख्याच्या पुड्या अडकतात आणि त्या काढायला माणूस नेमलेला नसतो, म्हणून ती बिघडतात.

अशा तळ्याच्या तोंडाशी मेंब्रेन बसवलं तर काय होईल? मेंब्रेन म्हणजे शेवयांच्या जुडीसारख्या पोकळ नळ्या. त्यांच्या भिंतीला मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहूनही बारीक छिद्रं असतात. जिवाणू त्यातून जात नाहीत, म्हणून पाणी इतकं नितळ येतं. पण शेवाळही त्यातून जात नाही. ते नळ्यांवर साचून बुळबुळीत थर धरतं. मग हवेचे बुडबुडे सोडा, उलटं पाणी मारा, ठरावीक काळाने हायपोक्लोराइट आणि सायट्रिक आम्लाने धुवा. इतकं करूनही काही वर्षांनी नळ्यांचा संच बदलावाच लागतो. मेंब्रेनच्या पूर्ण प्रकल्पाला घनमीटरमागे साधारण एक युनिट धरलं, तरी आपल्या वसाहतीचं महिन्याचं बिल बाराशे युनिटचं होतं. तळ्याची ताकद ज्या शेवाळात आहे, तेच शेवाळ मेंब्रेनचा वैरी.

परदेशांत ही जोड दिली जाते, हे खरं. अमेरिकेतल्या लहान गावांत सांडपाण्याची हजारो तळी आहेत. तिथल्या उत्तरेकडच्या गावांची अडचण थंडीची आहे: हिवाळ्यात पाणी गोठू लागतं, जिवाणू मंदावतात, अमोनिया उतरत नाही, आणि नदीत सोडायच्या पाण्यातल्या अमोनियावर कडक मर्यादा आहे. नंदुरबारच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यांच्या हिवाळ्याचं औषध आपण आपल्या उन्हाळ्याला का लावावं? आणि पाणी शेतात जाणार असेल, तर त्यातलं नत्र हे खतच आहे.

राहिला मागासपणाचा टोमणा. धडगाव तालुक्यातल्या बिलगावात उदई नदीच्या धबधब्यावर गावकऱ्यांनी श्रमदानाने, केरळातून आलेल्या तरुण तंत्रज्ञांच्या साथीने, पंधरा किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प उभारला. २००३ मध्ये त्याची वीज घरांत पोचली. २००६ मध्ये तो पाण्याखाली गेला. तेव्हा आदिवासींना यंत्र झेपत नाही, हे ना आमचं म्हणणं, ना ते खरं. बिलगावच्या लोकांना ते यंत्र हवं होतं, म्हणून त्यांनी त्यासाठी घाम गाळला. खोकं भरून आलेला, तीन वर्षांच्या देखभाल-कराराचा आणि चौथ्या वर्षी कुलूप लागणारा प्रकल्प ही वेगळी जात आहे. अशा प्रकल्पाला नकार देणं हा मागासपणा नव्हे.

मेंब्रेनला जागा आहे. जिथे आठ-दहा गुंठेही मिळत नाहीत, जिथे शुद्ध पाण्याला पैसे देणारं गिऱ्हाईक उभं आहे, आणि जिथे पगारी माणूस आणि सलग वीज आहे, तिथे ते जरूर बसवावं. सिंगापूर मेंब्रेनने सांडपाणी शुद्ध करतं, कारण त्याला जमीन नाही आणि त्याचे कारखाने ते पाणी विकत घेतात. एखाद्या मोठ्या आश्रमशाळेत कच्ची खाल्ली जाणारी भाजी सांडपाण्यावर पिकवायची ठरली, तर तिथेही ते शोभेल. पण क्रम चुकू नये: आधी शोषखड्डा, मग जिथे गटार आहे तिथे तळं, मग आडव्या भिंती आणि दगडांची गाळणी, मग गाळ काढायला ठेवलेला पैसा आणि नेमलेला माणूस. एवढं झाल्यावरही काम अडत असेल, तर मेंब्रेन. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीचा साठ टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी राखला. असा निधी नव्या पाट्या लावण्यापेक्षा जुन्या तळ्यांतला गाळ काढण्यावर खर्च व्हायला हवा.

अक्कलकुवा, धडगाव हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचा मुलूख. पेसा कायद्याने १९९६ साली इथल्या ग्रामसभेच्या हाती मोठा अधिकार दिला आहे. मेंब्रेनचा प्रस्ताव घेऊन कुणी आलं, तर ग्रामसभेने त्याला तीन प्रश्न विचारावेत: शुद्ध झालेलं पाणी कोण घेणार? चौथ्या वर्षीचं वीजबिल कोण भरणार? आठव्या वर्षी नळ्यांचा नवा संच कोण आणणार? या तिन्हींची लेखी उत्तरं मिळेपर्यंत ठरावावर सही करू नये.