हप्ता महिन्याचा, कापूस वर्षाचा

२२ सप्टेंबर २०२५ ला मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि आमच्या नात्यातल्या निम्म्या पोरांना पिकअपची स्वप्नं पडू लागली. त्यातला एक माझा भाचा. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात त्याचं आठ एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस, तूर आणि सोयाबीन घेतो. ट्रॅक्टर नाही, कर्ज बेताचं, लग्न झालेलं. त्याचा एका रात्री फोन आला, "मामा, बोलेरो घेऊ का योद्धा? तुमी म्हनान तेच."

मी वर्तमानपत्रात लिहितो म्हणून मला सगळं समजतं, असा त्याचा समज आहे आणि तो मोडायची मला घाई नाही. शिवाय त्याचा निर्णय फोनवर अर्धा झालेलाच होता. मित्रानं योद्धा घेतली होती, त्यामुळे मन योद्धावर, आणि बाप म्हणत होता बोलेरो. मामानं फक्त शिक्का मारायचा होता. तरी म्हटलं, शिक्का मारण्याआधी दोन्ही गाड्या बघून घेऊ.

कागदावर दोन्ही तुल्यबळ आहेत. टाटाची योद्धा २.० सप्टेंबर २०२२ मध्ये आली. दोन टन माल, २.२ लिटरचं डिझेल इंजिन, १०० हॉर्सपॉवर. महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप एप्रिल २०२३ मध्ये आली. तिचं सगळ्यात मोठं मॉडेलही दोन टनांचं, इंजिन अडीच लिटरचं, पण ताकद ८० हॉर्सपॉवर. शोरूममधला पोरगा या शंभर आणि ऐंशीवरच खेळत असतो. "साहेब, वीस हॉर्सपॉवर जास्त," असं तो ज्या आवाजात सांगतो, त्या आवाजात आमच्याकडे मुलीचं स्थळ सांगतात. भाचा खूश. मी विचारलं, हे वीस जास्तीचे घोडे समुद्रपूर ते हिंगणघाट जुंपायचे कुठे? या पट्ट्यात घाट नाही. चढ म्हणाल तर नदीवरच्या पुलाचा आणि रेल्वेच्या उड्डाणपुलाचा. पोरगा हसला आणि म्युझिक सिस्टिमकडे वळला.

आमच्याकडच्या गाडीला इंजिनाआधी डाला पाहावा लागतो, आणि त्याचं कारण कापूस. कापूस जागा खातो, वजन देत नाही. चुंगड्या भरा नाहीतर मोकळा भरून वर दोन माणसं चढवून पायानं दाबा, डाला टपाच्या वर जातो, ताडपत्री बांधून होते आणि काट्यावर आकडा पाहावा तर पासिंगच्या बराच खाली. दोन टन पासिंगच्या गाडीत दोन टन कापूस सहजासहजी मावतच नाही. म्हणजे ज्या टनेजचे पैसे मोजले त्यातला मोठा हिस्सा कापसाच्या हंगामात रिकामा जातो, आणि मोजले नाहीत त्या फुटांसाठी जीव तुटतो. बोलेरो मॅक्सच्या मोठ्या मॉडेलचा डाला ३०५० मिलिमीटर आहे, म्हणजे दहा फूट. योद्धाचा डाला मी टेप लावून मोजायला सांगितला. आखूड निघाला. शोरूमवाल्यानं तेवढ्यात रुंदीचा विषय काढला, आणि तोही अगदीच खोटा नव्हता. पण चुंगड्या आडव्या रचणाऱ्याला लांबीतला एक फूट काय देतो, ते हिंगणघाटच्या यार्डात उभ्या असलेल्या कोणालाही विचारा.

हिंगणघाटचं नाव घेतलं की थोडं थांबावं लागतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज व्यापारी इथल्या कापसाला गावाच्याच नावानं ओळखत. आज बाजार समितीच्या यार्डात हंगामात सकाळी गाड्यांची रांग लागते. माल गाडीतच असतो. व्यापारी एकेका गाडीपाशी येतात, ताडपत्री उचलतात, आत हात खुपसून मूठभर कापूस बाहेर काढतात, धागा ओढून पाहतात, सरकी दाबून पाहतात, आणि बोली सुरू होते. सौदा झाला की गाडी जिनिंगला जाते, तिथं परत रांग, मग काटा, मग खाली करणं. सीसीआयकडे, म्हणजे सरकारी खरेदीला द्यायचा असेल तर ओलावा मोजणारं यंत्र असतं. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, आणि बाराच्या वर माल परत. या सगळ्यात गाडी तासन् तास उभी असते, कधी रात्रभर. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपतो, शेतकरी डाल्यावर. उभ्या गाडीला ऐंशी घोडे काय आणि शंभर काय! तिथं विचारायचा प्रश्न एकच आहे: मुक्कामाचं भाडं कोण देणार?

आता एक गोष्ट शोरूममध्ये आपणहून कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे ज्या मालगाडीचं मालासकट एकूण वजन ३००० किलोच्या आत आहे, तिला परमिट लागत नाही. एक-सव्वा टन मालाची पिकअप या मर्यादेत बसू शकते. दोन टनांची बसत नाही, मग ती टाटाची असो की महिंद्राची. म्हणजे बोलेरो की योद्धा या वादाच्या आधी एक वाद मिटवायला हवा, लहान की मोठी. आरसीवर येणारं एकूण वजन आधी लिहून मागावं आणि मगच बुकिंगचे पैसे द्यावेत. लायसन्सची भीती मात्र काढून टाका. साध्या एलएमव्ही लायसन्सवर साडेसात टनांच्या आतली मालगाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं आहे. भाच्याला एका एजंटानं वेगळ्या बॅजसाठी पैसे मागितले होते. वाचले.

जास्तीच्या मालाचं काय? "दोन टनाची गाडी तीन टन वाढते," हे वाक्य पारावर अभिमानानं सांगितलं जातं. कायद्यात ओव्हरलोडचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा लिहिला आहे. तो भरावा लागेल तेव्हा लागेल. त्याआधी पाटे भरपाई मागतात. आमच्या ओळखीचा एक मिस्त्री आहे, हयात पिकअपखाली गेलेली. त्याला विचारलं, कोणती गाडी चांगली? तो म्हणाला, "गाडी दोनी चांगल्या हायेत. मालक सांगा कोनता हाये." मग त्यानं त्याच्या टपरीमागे पडलेला ढीग दाखवला. तुटलेले पाटे, घासून आरशासारख्या चकचकीत झालेल्या क्लच प्लेटा, वाकलेले शॅकल. त्यात कोणत्या कंपनीचं किती हे मी मोजलं नाही, पण दोन्ही घराण्यांची मंडळी शेजारी शेजारी पडली होती.

मिस्त्रीचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. समुद्रपूर, गिरड, मांडगाव या पट्ट्यात बोलेरो रस्त्यावर बंद पडली तर मोटरसायकलवर जाऊन पार्ट घेऊन येता येतं, आणि गावातला पोरगा तो बसवूनही देतो. टाटाच्या २०७ पिकअपवर हात बसलेले जुने मिस्त्री आहेत, पण नव्या गाड्यांत सेन्सर आले, लॅपटॉप लावल्याशिवाय बिघाडच सांगत नाहीत. तिथं मग कंपनीचं वर्कशॉप किती दूर, हा प्रश्न उरतो. दोन्ही गाड्यांना तो सारखाच लागू आहे. फक्त बोलेरो आमच्याकडे इतक्या झाल्या आहेत की अडल्यानडल्याला दुसऱ्याच्या गाडीचं पार्ट काढून लावणारा माणूसही सापडतो. जुनी गाडी विकायला काढली की हाच मुद्दा गिऱ्हाइकाच्या तोंडी येतो.

अमेरिकेत हा सगळा संसार उलटा आहे. फोर्डच्या एफ-सीरिजच्या पिकअप १९७७ पासून तिथल्या ट्रकांत विक्रीला पहिल्या आहेत, आणि त्या घेणाऱ्यांतले कितीतरी जण डाल्यात कधीच काही टाकत नाहीत. पिकअप घेऊन ऑफिसला जातात, शनिवारी बाजारहाट करतात. आपल्याकडे तसली हायलक्स पिकअप आली २०२२ मध्ये, पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी. आमच्या जिल्ह्यात एखादी दिसली की पोरं फोटो काढतात. फोर्डचं आणि वर्ध्याचं एक जुनं नातंही आहे, जाता जाता सांगतो. १९४१ मध्ये हेन्री फोर्डनं गांधीजींना आदराचं एक पत्र लिहिलं. तेव्हा गांधीजींचं बिऱ्हाड सेवाग्रामला होतं. उत्तरादाखल त्यांनी फोर्डला स्वतःची सही केलेला चरखा पाठवला आणि तो १९४२ च्या डिसेंबरात अमेरिकेत फोर्डच्या हाती पडला. लाखो मोटारी काढणाऱ्या माणसाला कापूस कातायचं यंत्र! म्हाताऱ्याला विनोदाचं अंग होतं.

तर हिशेब. सगळं धरून गाडी रस्त्यावर यायला दहा लाख लागतील असं समजू. दीड लाख हातचे आणि साडेआठ लाख कर्ज. दहा टक्के व्याज, पाच वर्षं मुदत. महिन्याचा हप्ता साधारण १८ हजार. वर्षाचे झाले २ लाख १६ हजार. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल आहे. म्हणजे भाच्याला नुसत्या हप्त्यापोटी वर्षाला सत्तावीस क्विंटल कापूस द्यावा लागेल, तोही हमीभाव हाती पडला तर. डिझेल, विमा, टायर, ड्रायव्हर अजून मोजलेच नाहीत. आठ एकरांत, त्यातलीही काही तुरीला आणि सोयाबीनला गेलेली, बोंडअळी आणि परतीचा पाऊस सोडून जे उरेल त्यात सत्तावीस क्विंटल म्हणजे मोठा घास आहे.

हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मामा, माह्या कापसावर कुठं चालवाची हाये? भाडं मारन नं." बरोबर आहे. मग भाड्याचं कॅलेंडर मांडू. ऑक्टोबरात सोयाबीन, नोव्हेंबर ते फेब्रुवारी कापूस, मध्ये तूर आणि मार्चात हरभरा. एप्रिल-मे लग्नं, मंडपाचं सामान, डेकोरेशन, आंदण. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बियाणं आणि खतं, गावोगाव. आणि मग? जून संपला की काळी माती रंग दाखवते. पांदण रस्त्यात चाक बसलं की दोन टन पासिंगच्या गाडीला बैलजोडी ओढून काढते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन्ही घराण्यांत फोर-बाय-फोर मिळते, पण ती आपल्याकडे वावरापेक्षा सरकारी खात्यांत जास्त दिसते. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे तीन महिने वावरातून माल निघत नाही. हप्ता मात्र पाच तारखेला निघतो, बँकेच्या मशीनला पोळा आणि श्रावण कळत नाही.

त्याच्या डोक्यात समृद्धी महामार्गही होता. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला तेव्हापासून आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक पिकअपवाल्याला वाशीचं मार्केट शेजारी आल्यासारखं वाटतं. कारंजा-आर्वीकडचा संत्रा घेऊन थेट मुंबई गाठायची, असा त्याचा बेत. रस्ता आता मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला हे खरं. पण पिकअपमधून दीड-दोन टन माल सातशे किलोमीटर न्यायचा, टोल भरायचा आणि परत रिकामं यायचं, यात डिझेलवाला श्रीमंत होतो. एवढ्या लांब संत्रा न्यायला मोठे ट्रक आहेत. पिकअपचा धंदा पन्नास-साठ किलोमीटरच्या घेऱ्यातला: गाव ते हिंगणघाट, गाव ते वर्धा, फार तर नागपूरचं कळमना. कळमन्याहून येताना किराणा किंवा खत भरून आणता आलं तर त्या फेरीला अर्थ आहे.

म्हणून मी त्याला दोन कामं सांगितली. समुद्रपूरच्या दोन-तीन कृषी केंद्रांना आणि एका किराणा होलसेलवाल्याला भेटून पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं भाडं बोलून ये, तोंडी नको, महिन्याला किती फेऱ्या ते लिहून आण. आणि वायगावची हळद विकणाऱ्यांनाही विचार. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, मागणी आहे, माल सुका असतो आणि पावसाची अडचण कमी. बोलेरो का योद्धा ते त्यानंतर. त्याला हे फारसं आवडलं नाही. बहिणीचा फोन आला, तूच त्याला आडवा पडलास म्हणून. बहिणींचं तसंच असतं.

ज्यांना निकाल हवा आहे त्यांच्यासाठी माझा निकाल असा. गिट्टी, सिमेंट, लोखंड, टाइल्स असा जड माल बारा महिने ज्याच्याकडे आहे त्यानं योद्धा घ्यावी, तिथं ताकद कामाला येते. कापूस, भाजी, कुटार, मंडप असा फुगीर माल ज्याचा आहे त्यानं लांब डाल्याची बोलेरो घ्यावी, आणि परमिट नको असेल तर एकूण वजन तीन टनांच्या आत बसणारं लहान मॉडेल आधी पाहावं. ज्याच्याकडे जुलै ते सप्टेंबरचं भाडं लिहून ठेवलेलं नाही, त्यानं यंदा दोन्हीपैकी एकही घेऊ नये. हिंगणघाटला कापूस न्यायला भाड्याची पिकअप मिळते, आणि तिचा हप्ता दुसरा कोणीतरी भरत असतो.