मध्यंतरातली पाच वर्षे

दादाच्या अपघाताला आता पावणेदोन वर्षे होतील. पायात सळी बसली आणि उजव्या हाताची बोटे पूर्ण मिटेनाशी झाली. तो लेथवर काम करीत असे. बोटे मिटत नाहीत याचा अर्थ घरात सर्वांना कळला होता, कुणी बोलून दाखवला नाही इतकेच. भेटायला येणारी मंडळी मात्र बोलत. मोसंब्यांची पिशवी टेबलावर ठेवून प्रत्येक जण जाताना एकच औषध सांगे, "'चंदू चॅम्पियन' बघ. धीर येईल."

२०२४ साली आलेला कबीर खान यांचा हा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचा नायक खरा आहे आणि आपल्या शेजारच्याच सांगली जिल्ह्यातला, पेठ इस्लामपूरचा आहे. मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. पुढे ते पोहू लागले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत तोडून सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधले भारताचे हे पहिले वैयक्तिक सुवर्ण. आपल्या सरकारला पद्मश्री देण्याची आठवण त्यानंतर ४६ वर्षांनी, २०१८ साली झाली. पेटकरांच्या मोठेपणाबद्दल दुमत होण्याचे कारणच नाही. माझे भांडण आहे ते पटकथेशी.

दादाने तो चित्रपट माझ्या मोबाईलवर पाहिला. संपल्यावर म्हणाला, "पडून होता ते दिवस किती पटकन संपले रे ह्याचे." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. धीर देणाऱ्या मंडळींना हे मी कधी सांगितले नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वडिलांनी आम्हा दोघांना हवापालट म्हणून धारला आत्याकडे धाडले. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा एकाच गावात दोन गाद्या होत्या. त्यामुळे तिकडे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आत्याच्या सासरचे मराठी ऐकून आम्हाला हसू येई आणि आमचे बेळगावी हेल ऐकून त्यांना. एके दिवशी ती म्हणाली, "देवासच्या माताजीला जाऊन या." धारहून इंदूर, तिथे बस बदलून देवास. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला देवास ठाऊक असते ते नोटांच्या छापखान्यामुळे. मला मात्र आणखी एका कारणाने तिथे जायचे होते.

सुळेभावीच्या शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी या मुलाची गोष्ट आपल्याकडे निम्मीच सांगितली जाते. जन्म ८ एप्रिल १९२४ चा. लहानपणीच मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवी, म्हणून नाव पडले कुमार गंधर्व. मुंबईला प्रो. देवधरांकडे शिकायला गेला आणि विशीच्या आत त्याच शाळेत शिकवू लागला. (मी विसाव्या वर्षी काय करतो आहे, हे कृपया विचारू नये.) मातृभाषा कन्नड, गाणे मराठी-हिंदी, घर माळव्यात. आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांनी ज्यांच्यावर हक्क सांगावा असे हे गृहस्थ. इथवरचे आपण अभिमानाने सांगतो.

१९४८ साली ते देवासला गेले ते गाण्यासाठी नव्हे. क्षय झाला होता, आणि तिथली कोरडी हवा मानवेल असा सल्ला मिळाला होता. चोविशीचे वय, नुकतेच लग्न झालेले. गाणे म्हणजे जिवाशी खेळ, असे डॉक्टरांनी सांगितले. मग १९५३ पर्यंत मैफल नाही. चित्रपटात एवढ्या वेळात प्रेक्षक मध्यंतराचा चहा पिऊन येतो. इथे एक तरुण माणूस माळव्याच्या उन्हाळ्यातून, पावसाळ्यातून पाच वर्षे पडून होता. रस्त्यावरून जाणारे जोगी, बायकांची गाणी, पाखरे आणि वारा हे कानावर येत होते. गुणगुणायचे तेसुद्धा कुणाला ऐकू जाणार नाही इतके हळू.

यावर आपल्याकडे एक आवडते वाक्य ऐकायला मिळते की, आजार आला म्हणून कुमार गंधर्व घडले. मला हे मुळीच पटत नाही. हा हिशेब चुकीचा आहे. क्षयाने किती गाणारे नेले त्यांची नोंद कोणत्याच वहीत नाही, आणि एक वाचला तर त्याचा आजार आपण जमेच्या बाजूला लिहून मोकळे होतो. ते वाचले ते १९४३ साली अमेरिकेत सापडलेल्या आणि नुकत्याच आपल्याकडे मिळू लागलेल्या स्ट्रेप्टोमायसिनमुळे, आणि पत्नी भानुमतीबाईंच्या शुश्रूषेमुळे. पटकथाकार औषधाच्या बाटलीला कधी श्रेय देत नाहीत. सारे श्रेय नायकाच्या जिद्दीला! मग ज्याची बोटे मिटत नाहीत त्याची जिद्दच कमी पडली, असे ओघानेच ठरते. मोसंबी आणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. कुमार पूर्वीच्या गाण्याकडे परतलेच नाहीत. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. लांबलचक दमाचे गाणे आता होणार नव्हते. तेव्हा लहान लहान तुकडे, मध्ये सोडलेली जागा, एकदम वर उडालेला सूर असे गाणे त्यांनी उभे केले. अंथरुणात ऐकलेल्या माळवी धुनांमधून नवे राग केले, १९६५ साली 'अनूपरागविलास' छापला. जुन्या जाणत्यांपैकी पुष्कळांना हे रुचले नाही, आणि वाद ते असेतो चालू राहिला. १२ जानेवारी १९९२ रोजी ते देवासलाच गेले. दुसऱ्यांची गाणी हुबेहूब गाणारा मुलगा हरवला तो हरवलाच. चित्रपटवाल्यांना हवा तो शेवट, म्हणजे १९५३ ची टाळ्यांची मैफल, इथे शेवट नसून जेमतेम सुरुवात आहे. त्यानंतरची ३८ वर्षे पडद्यावर दाखवायची कशी?

'भानुकुल' हे त्यांचे घर टेकडीच्या पायथ्याशी आहे. आम्ही ते रस्त्यावरूनच पाहिले. दादाला पायऱ्या चढणे शक्य नव्हते, म्हणून त्याला खाली एका दुकानापाशी बसवून मी वर देवीला जाऊन आलो. पाऊण तास सहज लागला असेल. कंटाळला असेल म्हणून मी ओशाळून काही बोलणार, तोच म्हणाला, "नुसता ऐकत बसलो होतो. हॉर्न, घंटा, आणि वर एक पोपट. मोबाईल बघितला नाही."

परतताना इंदूरपर्यंत तो फारसे बोलला नाही. धारच्या बसमध्ये मात्र एकदम म्हणाला, "लेथ काय आता जमायचा नाही." अपघातानंतर हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आले. मी होय म्हटले.

जूनपासून तो एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसतो. आवक-जावकेची वही डाव्या हाताने लिहितो. रविवारी बेरजा तपासायला वही घरी आणतो. त्याचा १ कोणता आणि ९ कोणता, हे मला अजून त्यालाच विचारावे लागते.