सांडलेला चहा डॉक्टरांना सांगा

सकाळचे साडेसहा. लातूरच्या उद्योग भवन परिसरातली चहाची टपरी, भोवती ‘नीट’ची पोरं. एकाचा हात दचकल्यासारखा उडाला, कप खाली. मित्र हसले, “झोपला नाहीस का रे?” नव्हताच झोपला. टेस्ट होती, तीनपर्यंत जागला होता. थोड्या वेळानं क्लासच्या जिन्यात कोसळला. अंग ताठ, मग झटके, तोंडाला फेस. कुणी चप्पल हुंगवली, कुणी मुठीत किल्ल्या कोंबल्या. फिट आपली आपणच थांबली. श्रेय चपलेला मिळालं.

गावाकडं याला ‘बाहेरचं’ म्हणतात. आमच्या मराठवाड्यात भानामतीचं नाव निघायलाही वेळ लागत नाही. शहरात म्हणतात ‘टेन्शन’. दोन्ही उत्तरं सारखीच आळशी. फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींनी एकाच वेळी बेफाम विद्युत संदेश सोडणं. ते का झालं, हे शोधावं लागतं. लहानग्यांत ताप, बाळंतपणात बाळाला कमी पडलेला प्राणवायू, दुचाकीवरून पडून डोक्याला मार, एकदम सोडलेली दारू, घसरलेली साखर, न धुतलेल्या भाजीतून पोटात गेलेली पट्टकृमीची अंडी. कारण बदललं की उपचार बदलतो.

या पोराचं कारण त्या कपातच होतं. ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. बहुधा १२ ते १८ या वयात सुरू होते, म्हणजे नेमकी क्लासची वर्षं. सकाळी उठल्यावर हात उडतात, शुद्ध जात नाही, म्हणून कुणी सांगतही नाही. जागरण झालं की मोठी फिट. एमआरआय सहसा नॉर्मल येतो आणि घरचे निर्धास्त होतात. घोळ पुढंच आहे: कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही फिटवरची नेहमीची औषधं या आजारात हाताचे झटके वाढवू शकतात. व्हॅल्प्रोएट छान लागू पडतं. पण पुढं गर्भाला धोका, म्हणून मुलींना देताना डॉक्टर दहादा विचार करतात.

मुलींच्या बाबतीत तर तोंडच उघडत नाही. “लग्न व्हायचंय हो!” हिंदू विवाह कायद्यातला अपस्माराचा अडसर १९९९ मध्येच निघाला, बायोडेटातला निघालेला नाही. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी, स्वतः हा आजार भोगलेल्या बाईनं, अपस्मार असलेल्यांसाठी विवाह मंडळ काढलं. आपल्याकडं अजून गोळ्यांची पट्टीही पाहुण्यांपासून लपवतात.

लातूर-नांदेडच्या हॉस्टेलवाल्यांना, मेसवाल्या मावशींना एवढंच सांगणं: पोराला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावा. आणि डॉक्टरांकडं नेताना सकाळी कप सांडला होता, हे सांगायला विसरू नका.