बाबा आणि 'गरजू'चा शिक्का

त्सुफेनहाउझेन म्हणजे स्टुटगार्टमधलं पोर्शेचं गाव. पण इथल्या आम्हा भारतीयांच्या गप्पा गाड्यांवरून हटकून टॅक्सवर येतात.

आईवडिलांना पाठवलेल्या पैशांची जर्मनीत प्राप्तिकरात वजावट मिळते, हे बहुतेकांना माहीत असतं. अटी कोणी वाचत नाही. भारतासाठी मर्यादा जर्मन रकमेच्या एक चतुर्थांश, म्हणजे २०२५ सालासाठी माणशी ३,०२४ युरो. डिसेंबरात एकदम पाठवलेले पैसे मागच्या महिन्यांसाठी धरत नाहीत. शिवाय २०२५ पासून ते बँकेतून, त्यांच्याच खात्यात जायला हवेत. दिवाळीत आईच्या हातात ठेवलेलं पाकीट किंवा भावाच्या खात्यात टाकलेले पैसे चालत नाहीत.

एवढं जमतं हो. गाडी अडते ती फॉर्मवर. पालक गरजू आहेत, असा तिकडच्या सरकारी कार्यालयाचा शिक्का लागतो. बाबांचं दुकान बंद झालंय, पेन्शन नाही. तरी फोनवर म्हणाले, "तहसील कचेरीत जाऊन सांगू, की मी गरजू आहे? तुझे युरो ठेव तुझ्यापाशी."

मला अट चुकीची वाटत नाही. भारतात जुन्या करपद्धतीत आईवडिलांच्या आरोग्यविम्याच्या हप्त्यावर वजावट घेताना ते गरजू आहेत का, हे कोणी विचारत नाही, म्हणून आपल्याला हे टोचतं. पण माझी सवलत शेवटी शेजारच्या करदात्याच्या खिशातून येते. त्याने पुरावा मागितला तर बिघडलं कुठे? हे बाबांना पटवणं मात्र मला जमलेलं नाही.

आई म्हणाली, "माझा फॉर्म पाठव, मी जाते." तेवढाच पाठवलाय. निम्मेच पैसे धरले जातील.