टाके वाढवण्याआधी भागाकार करा

क्रोशे विणणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. नमुन्यात ‘या ओळीत १० टाके सारख्या अंतरावर वाढवा’ असं वाचलं की लगेच सुई चालवू नका. आधी कागद-पेन्सिल घ्या. अंदाजाने वाढवायला गेलं, की सुरुवातीला वाढ विरळ पडते आणि राहिलेले सगळे टाके शेवटच्या वीतभर जागेत कोंबावे लागतात. मग विणकाम एका बाजूला फुगतं, आणि ओळ उसवण्यावाचून इलाज उरत नाही.

हिशोब साध्या भागाकाराचा आहे. समजा, लहान मुलीच्या फ्रॉकची वरची पट्टी ६४ टाक्यांची आहे आणि घेरासाठी ७४ हवेत. म्हणजे वाढवायचे १०. ६४ ला १० ने भागलं की ६ येतात आणि बाकी उरते ४. आता ओळीचे १० गट पाडा. बाकीतला एकेक टाका ४ गटांना द्या. ते ७ टाक्यांचे होतील, उरलेले ६ गट ६ टाक्यांचे राहतील. २८ आणि ३६ मिळून ६४, म्हणजे हिशोब जुळला. मात्र मोठे गट एकाच बाजूला लावू नका. ७, ६, ६, ७, ६, ७, ६, ६, ७, ६ असे ते ओळभर पसरू द्या.

प्रत्येक गटात एकदाच, एका टाक्यात दोन खांब घालायचे. काम उलटून मागे-पुढे विणत असाल तर ही वाढ गटाच्या मध्यावर घ्या. ७ च्या गटात तीन साधे, चौथ्यात दोन, पुन्हा तीन साधे. ६ च्या गटात दोन साधे, तिसऱ्यात दोन, मग तीन साधे. अशाने वाढ अगदी कडेला येत नाही, कड सरळ राहते आणि पुढे शिवण जोडणं सोपं जातं.

गोल रुमाल किंवा टोपी विणताना दर फेरीला किती टाके वाढवायचे, यामागचं कारणही समजून घ्या. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या सव्वातीनपटीपेक्षा थोडा कमी असतो. एक फेरी विणली की व्यास दोन्ही बाजूंनी एकेका टाक्याच्या उंचीएवढा वाढतो, म्हणजे परीघ त्या उंचीच्या साधारण सहापट वाढतो. मुका खांब जेवढा रुंद तेवढाच जवळपास उंच, म्हणून दर फेरीला ६ टाके वाढवतात: ६, १२, १८, २४. साधा खांब त्याच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून तिथे १२. वाढ कमी पडली तर गोल वाटीसारखा खोलगट होतो, जास्त झाली तर कडेला झालर उठते. प्रत्येकाचा हात सैल किंवा घट्ट असतो, त्यामुळे चार-पाच फेऱ्यांनंतर काम टेबलावर पसरून पाहा आणि पुढच्या फेरीत एखादा टाका कमी-जास्त करा.

दर फेरीत वाढीवरच वाढ आली तर गोलाला सहा कोपरे फुटतात. ते टाळण्यासाठी वाढीची जागा सरकवा. ३० वरून ३६ करताना एरवी चार साधे विणून पाचव्यात वाढ घेतो. त्याऐवजी दोन साधे, तिसऱ्यात वाढ, मग दोन साधे असं सहा वेळा विणा. टाक्यांची संख्या तीच राहील आणि गोल गोलच दिसेल.

वाढीच्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा आणि ओळ संपली की टाके मोजा. घरात कुणी नव्याने सुई धरत असेल, तर त्यांना टाक्यांबरोबर हा भागाकारही शिकवा. तो आला की नमुन्यातली मापं आपल्या माणसाच्या अंगाला बसतील अशी बदलता येतात, दुसऱ्या कुणी आकडे काढून देण्याची वाट पाहावी लागत नाही.